गाडी चालू असतानाच भरायची वर्गणी

इंदूरजवळच्या बेटम्यातून बाहेर पडताना गाडी कुठल्या दिशेला वळते, यावर ती बंद पडली तर कोण धावून येणार हे बरंचसं ठरतं. इंदूरच्या किंवा धारच्या बाजूला वळलात तर तुम्ही राष्ट्रीय महामार्ग 47 वर असता. धार, झाबुआ, दाहोद करत हा रस्ता गुजरातेत उतरतो. त्यावर 1033 हा क्रमांक लावला की महामार्ग प्राधिकरणाची यंत्रणा हलते. गस्तीची गाडी येते, क्रेन येते, गरज पडली तर रुग्णवाहिकाही येते. फोन फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. पण देपालपूरकडे वळलात, गौतमपुऱ्याला लग्नाला निघालात किंवा आतल्या एखाद्या गावी शेतावर चाललात आणि वाटेत क्लच बसला, तर 1033 तुमच्या कामाचा नाही. तिथे ओळखीचा मेकॅनिक, नाहीतर टोचन करून नेणारा ट्रॅक्टरवाला, नाहीतर जिची वर्गणी तुम्ही भरून ठेवली आहे अशी मदतीची संस्था.

महामार्गावरही 1033 कडून फार अपेक्षा ठेवू नये. रस्ता मोकळा करणं हे त्या क्रेनचं मुख्य काम. माछलिया घाटात गाडी आडवी झाली तर ती बाजूला घेतील, जवळच्या सुरक्षित जागी नेऊन सोडतील. तिथून इंदूरच्या वर्कशॉपपर्यंतचा प्रवास तुमचा तुम्हालाच करायचा असतो. वर्गणीचा उपयोग इथून पुढे सुरू होतो.

ती भरायची कशी हे सांगण्याआधी एक काम सुचवतो. ती तुम्ही आधीच भरलेली नाही ना, हे बघा. गाडीच्या विम्याची पॉलिसी काढा. पहिल्या-दुसऱ्या पानावर हप्त्याची फोड असते. एका बाजूला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हिशेब, दुसऱ्या बाजूला थर्ड पार्टीचा, आणि मध्ये कुठेतरी जादा कव्हरांची यादी. ‘झिरो डेप’ हा शब्द बहुतेकांना ठाऊक असतो, कारण एजंट तो मोठ्याने सांगतो. त्याच्याच आसपास ‘रोडसाइड असिस्टन्स’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर पन्नास-शंभर किंवा थोडे जास्त रुपये लिहिलेले असतात. ती ओळ असेल तर तुम्ही एका अर्थाने सभासद आहातच. फक्त थर्ड पार्टी विमा घेतलेल्यांना ही ओळ सापडणार नाही. हे कव्हर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला जोडून मिळतं. गाडी नवी असेल तर गाडीच्या कंपनीनेही वॉरंटीबरोबर काही वर्षांची मदत दिलेली असू शकते. ते कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात, सेवापुस्तिकेच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेले असतात.

फास्टॅगच्या बाबतीत अनेकांचा घोळ होतो. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी मोटारींसाठी 3000 रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला. एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो टोलचा पास आहे. त्यात बॅटरी उतरली तर माणूस येण्याची सोय नाही. पास घेतला म्हणून मदतही मिळेल, असं कुणी सांगितलं तर त्याला पासाच्या अटी वाचायला सांगा.

विम्यात एक आणि कंपनीकडून एक अशा दोन सोयी हातात असतील, तर तिसरी वर्गणी भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. यापैकी काहीच नसेल, किंवा गाडी जुनी असून विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मोटारवाल्यांनी वर्गणी काढून एकमेकांसाठी मदतीचा माणूस ठेवायचा, ही कल्पना जवळपास मोटारीइतकीच जुनी. अमेरिकेत अशी संस्था 1902 साली निघाली, जर्मनीत 1903 साली, इंग्लंडमध्ये 1905 साली. आपल्याकडे कोलकात्याला 1904 मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ ईस्टर्न इंडिया स्थापन झाली आणि मुंबईला 1919 मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. इंग्लंडच्या संस्थेची एक गंमत सांगण्याजोगी आहे. तिचे गस्तीवाले सायकलवर फिरत आणि वर्गणीदाराच्या गाडीवरचा बिल्ला दिसला की सलाम ठोकत. पुढे पोलिसांनी वेग मोजायचा सापळा लावला असेल, तर मात्र सलाम करायचा नाही, असा संकेत ठरला होता. सलाम झाला नाही की चालकाने थांबून कारण विचारायचं! कायद्याला हात न लावता सभासदाला सावध करायची ही युक्ती. आपल्याकडेही जुन्या मोटारींच्या नाकावर असोसिएशनचे धातूचे बिल्ले मिरवत. वर्गणी भरल्याचा पुरावा रस्त्यावरच्या माणसाला दुरून दिसत होता. आज तो फोनमधल्या हजार मेसेजांच्या खाली गाडलेला असतो, आणि नेमका गाडी बंद पडल्यावर सापडत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पैसे भरायची पद्धत निवडताना सोपेपणा दुसरा ठेवा. आधी बघा, पैसे गेल्यावर तुमच्या हातात काय राहतं. कुणाच्या खात्यात गेले, कुठल्या गाडीसाठी गेले आणि मदत कुठल्या तारखेपासून लागू झाली, हे तिन्ही ज्या पावतीवर लिहिलेलं आहे ती खरी पावती. बाकीचे सगळे नुसते मेसेज.

तारखेवर विशेष लक्ष ठेवा. बऱ्याच योजनांत आज पैसे भरले म्हणजे आजच मदत मिळते असं नसतं. मधे काही दिवस जावे लागतात. कारण उघड आहे. तसं नसतं तर प्रत्येकाने रस्त्यात अडकल्यावरच वर्गणी भरली असती. दुसरं असं की सभासद कोण, माणूस की गाडी, हे विचारून घ्या. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या संस्थेचं सभासदत्व माणसाचं असतं. तो कुणाच्याही गाडीत बसला असला तरी मदत मागू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक योजना गाडीच्या नंबराला बांधलेल्या असतात. एमपी-09 च्या जुन्या गाडीसाठी तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली आणि आठ महिन्यांत गाडी विकली, तर उरलेली मुदत नव्या गाडीवर वळते की नव्या मालकाला जाते की बुडते, हे पैसे भरण्याआधीच लेखी विचारावं. तीन वर्षांची सवलत मोहक दिसते. पण गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल तर मी एका वर्षापलीकडे जाणार नाही.

आता पद्धती. सर्वांत जास्त लोक यूपीआयने भरतात, आणि रक्कम शेकड्यांत किंवा फार तर थोड्या हजारांत असल्यामुळे ते योग्यही आहे. फक्त घाईत एक टप्पा सुटतो. क्यूआर स्कॅन केला किंवा आयडी टाकला की पिन मागण्याआधी पडद्यावर एक नाव येतं. तिथे थांबा. संस्थेचं किंवा कंपनीचं नोंदणीकृत नाव यायला हवं. एखाद्या माणसाचं नाव आलं, मग तो एजंट कितीही ओळखीचा असो, पिन टाकू नका. ‘आमच्या साहेबांच्या खात्यावर करा, मी संध्याकाळी कंपनीत भरतो’ हे वाक्य ऐकून भरलेले पैसे तुम्ही त्या साहेबांना भेट दिलेले असतात. नावाखाली टिपण लिहायला एक रिकामी ओळ असते. बहुतेकजण ती कोरी सोडतात. तिथे सभासद क्रमांक लिहा. नवीन सभासद असाल तर गाडीचा नंबर लिहा. पैसे गेले की बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. तो पडद्यावर असतानाच त्याचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा.

कधी कधी खात्यातून पैसे कापले जातात आणि समोरच्याला पोचत नाहीत. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेला यूपीआय व्यवहार फसला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने रोज 100 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. हे 100 रुपये मागावे लागत नाहीत, असं नियम म्हणतो. तरी तक्रार नोंदवून ठेवलेली बरी.

ऑटोपे हे प्रकरण जरा सविस्तर बघायला हवं, कारण इथे फायदा आणि धोका एकाच जागी आहेत. दरवर्षी आपोआप पैसे कापले जातील अशी परवानगी तुम्ही एकदा देता. विसराळू माणसाला ही सोय उत्तम. वर्गणी संपलेली आहे हे रात्री अकरा वाजता मानपूरच्या पुढे, गणपती घाटात कळण्यापेक्षा पैसे आपोआप गेलेले परवडले. नियमही ग्राहकाच्या बाजूचे आहेत. परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागतो. पुढे दरवेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा ओटीपी न मागता कापता येते, आणि वर्गणी त्याच्या आतच बसते. म्हणजे ती सूचना हाच तुमचा एकमेव पहारेकरी. जाहिरातींच्या मेसेजांत ती हरवते, म्हणून नूतनीकरणाच्या महिन्यात बँकेचे मेसेज जरा बघत जा.

परवानगी देताना जास्तीत जास्त किती रक्कम कापता येईल, हेही ठरलेलं असतं. वर्गणी 999 रुपयांची आणि परवानगी 5000 ची, असा प्रकार दिसला तर विचारा. पुढच्या वर्षी दर वाढवायला जागा हवी म्हणून थोडी मोकळीक ठेवणं समजू शकतं; पाचपट ठेवणं समजू शकत नाही. ऑटोपे बंद करायचं असेल तर संस्थेच्या फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ करत बसायची गरज नाही. तुमच्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असा विभाग असतो. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते आणि तिथूनच ती रद्द होते. कार्डावर दिलेली परवानगी बँकेच्या संकेतस्थळावर किंवा बँकेला सांगून रद्द होते.

कार्डावरच्या ऑटोपेचा एक सापळा वेगळा आहे. कार्डाची मुदत संपते, बँक नवं कार्ड पाठवते, जुन्यावरची परवानगी गळून पडते आणि सभासदत्व गुपचूप संपतं. संस्था एक मेल पाठवते. तो तुम्ही न वाचता पुढे सरकवता. इंदुरातल्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंचं असंच झालं. दोन वर्षं आपोआप भरणा झाला, म्हणून तिसऱ्या वर्षीही झाला असेल अशी त्यांची समजूत होती. धुळ्याच्या अलीकडे टायर फुटला, स्टेपनीही बसलेली, आणि फोनवर उत्तर मिळालं, ‘मॅडम, आपकी मेंबरशिप मार्च में खत्म हो गई.’ नवं कार्ड आलं की त्यावर कुठली कुठली वर्गणी बांधली होती, त्याची यादी त्याच दिवशी करावी.

बाकी कार्डाने एकदाच पैसे भरायचे असतील तर फार सांगण्यासारखं काही नाही. दुकानदारांना तुमच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून त्याऐवजी टोकन असतं. क्रेडिट कार्डाचा एक फायदा मात्र खरा आहे. पैसे घेऊन सेवा दिलीच नाही, तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. नवख्या, न ऐकलेल्या कंपनीची वर्गणी घ्यायचीच असेल, तर मी क्रेडिट कार्डाने भरीन.

एनईएफटी आता दिवसरात्र चालते, 16 डिसेंबर 2019 पासून. खातं जोडताना आयएफएससी टाका आणि बँकेच्या पडद्यावर खातेदाराचं नाव जुळवून घ्या. ही सोय आता बँकांना द्यावी लागते. अडचण पाठवण्यात नसतेच, ओळखण्यात असते. संस्थेच्या खात्यात 1180 रुपये आले, पण ते कुणाचे, हे हिशेबनीसाला कळायचा मार्ग नसतो. पैसे ‘अज्ञात जमा’ या खात्यात पडून राहतात आणि तुम्ही मात्र ‘मी भरलेत’ म्हणत राहता. म्हणून एनईएफटी केल्यावर त्याच दिवशी मेल करा. त्यात नाव, सभासद क्रमांक, रक्कम, तारीख आणि यूटीआर क्रमांक द्या. एवढी एक ओळ पुरते.

इंदूर, देवास, धारकडच्या आपल्या ज्येष्ठ मंडळींचा अजून चेकवर विश्वास आहे. कुणी हसतं, पण मला त्यात चूक दिसत नाही. चेकबुकाच्या अर्ध्या पानावर जी नोंद राहते, ती कुठल्याही अॅपपेक्षा लवकर सापडते. फक्त चेक नीट लिहावा. नावाच्या जागी संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव, बोलीतलं छोटं नाव नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्यामध्ये ‘अकाउंट पेयी’. अक्षरी रकमेच्या शेवटी ‘फक्त’, आणि उरलेल्या जागेत एक आडवी रेघ, म्हणजे पुढे कुणाला काही घालता येणार नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाही, पेनाने सभासद क्रमांक, गाडीचा नंबर आणि मोबाइल. चेकवरच्या तारखेपासून तीन महिनेच तो चालतो, हे 2012 पासून आहे. दिवाळीत लिहून ठेवलेला चेक होळीनंतर पाठवू नये.

चेकने भरलेली वर्गणी लागू होते ती पैसे जमा झाल्यावर, चेकवरच्या तारखेला नाही. टपालात तीन दिवस, संस्थेच्या टेबलावर दोन दिवस आणि मग बँक, असं धरून निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी पाठवा. साध्या टपालाने नको, स्पीड पोस्टाने पाठवा. पोचल्याची नोंद राहते. विम्यातून मदतीचं कव्हर घेत असाल तर ही गोष्ट आणखी कडक होते. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार हप्ता हाती आल्याशिवाय कंपनी जोखीम घेतच नाही. चेक परत आला तर मदतीची ओळच काय, पॉलिसीच धोक्यात येते.

रोख पैसे भरायचे असतील तर फक्त संस्थेच्या कार्यालयात भरा आणि छापील क्रमांकाची पावती हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, सर्व्हिस सेंटरच्या दारात टाय लावून उभ्या असलेल्या मुलाला रोख देऊ नका. तो मुलगा प्रामाणिक असेलही. त्याच्या पावतीपुस्तकाचा भरवसा देता येत नाही.

पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलांचा प्रश्न वारंवार येतो. आईबाबा इंदुरात किंवा बेटम्याला, गाडी त्यांची, वर्गणी मुलाला भरायची. पुण्याहून भरणं सोपं आहे. न्यू जर्सीहून भरताना परदेशी कार्ड अनेक भारतीय संस्थांच्या पानावर चालत नाही, आणि तीन वेळा प्रयत्न करून मुलगा नाद सोडून देतो. एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावरूनही यूपीआय वापरता येतं; 2023 मध्ये ही मुभा मिळाली. मात्र अर्जात सभासद म्हणून वडिलांचं नाव आणि वडिलांचाच मोबाइल क्रमांक द्या. गाडी बंद पडल्यावर ओटीपी सभासदाच्या फोनवर जातो. तो न्यू जर्सीत रात्री दोन वाजता वाजला, तर बाबा माछलिया घाटात उभेच राहतील.

वर्गणी भरली म्हणजे रस्त्यावर खिशात हात घालायची वेळ येणारच नाही, असं समजू नका. मदतीच्या जवळजवळ सगळ्या योजनांत टोचनाचं अंतर ठरलेलं असतं. त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे तुमचे. पेट्रोल आणून देतील, पेट्रोलचे पैसे तुमचे. बॅटरी जंप करून देतील, नवी बॅटरी तुमची. वाटेतला टोलही कधी कधी तुमच्याच माथी येतो. बेटम्याच्या आसपासची गोष्ट वेगळी. इंदूर फार लांब नाही. पण झाबुआच्या पुढे गाडी अडली आणि ती इंदूरला आणायची म्हटली, तर जादा किलोमीटर वर्गणीच्या कित्येक पट होतात. क्रेनवाल्याशी भाव गाडी हुकाला लावण्याआधी ठरवा आणि तो मदत केंद्राच्या माणसाला फोनवर ऐकवा. हे पैसे क्रेनवाला आपल्या स्वतःच्या क्यूआरवर घेतो, तिथे वर सांगितलेला नावाचा नियम लागू करता येत नाही. रकमेची त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घ्या, गाडीच्या नंबरासह. घाटात रेंज नसली तर यूपीआयही नाही, म्हणून गाडीत थोडी रोकड ठेवावी.

आता भामट्यांविषयी. गाडी बंद पडल्यावर माणूस घाबरलेला असतो आणि इंटरनेटवर ‘टोइंग इंदूर’ असं शोधून पहिला दिसेल तो नंबर लावतो. पलीकडून गोड आवाज येतो, ‘भिया, क्रेन निकल गई है, बस पाँच रुपये का टोकन डाल दो.’ मग एक लिंक येते, नाहीतर एखादं अॅप उतरवायला सांगतात. पाच रुपयांसाठी कुणी अॅप उतरवायला सांगत नाही. ते अॅप तुमचा पडदा त्यांना दाखवतं आणि तुम्ही टाकलेला पिन ते बघतात. पैसे परत मिळवायला पिन टाका, असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

तरी फसलात, तर लाजू नका आणि सकाळची वाट बघू नका. 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथे आणि बँकेत लगेच कळवा. पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात ते सुरुवातीच्या थोड्या वेळातच. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर तोटा येत नाही. पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी उशीर तुमच्याच मुळावर येतो.

या सगळ्यापासून वाचायचा साधा उपाय असा की मदतीचा क्रमांक शोधायची वेळ रस्त्यावर येऊच देऊ नये. पावती आली की तिच्यावरचा मदत क्रमांक आणि सभासद क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सन व्हायझरला अडकवून ठेवा. बायको, मुलगा, ड्रायव्हर, जो कुणी गाडी नेतो त्याला तो कागद दिसला पाहिजे. त्याच्याखाली 1033 आणि 112 लिहा. वर्गणीची तारीख विम्याच्या तारखेशी जुळवून घेता आली तर उत्तम. विमा संपत आला की एजंट आणि कंपनी दोघंही तुमच्या मागे लागतात, त्या गडबडीत हेही होऊन जातं.

आणि पैसे भरण्याआधी, म्हणजे अर्ज समोर आहे आणि फोन हातात आहे त्या क्षणी, त्या संस्थेच्या मदत केंद्राला एक फोन करा. पिनकोड सांगा आणि विचारा, देपालपूर रस्त्यावर रात्री दहाला गाडी बंद पडली तर क्रेन कुठून निघेल आणि किती वेळात पोचेल. इंदूर, पिथमपूर किंवा धार असं ठाम नाव आणि वेळ सांगितली तर वर्गणी भरा. ‘ऑल इंडिया सर्व्हिस है सर’ एवढंच उत्तर आलं तर भरू नका.